डावीकडून तिसरा

माझा धाकटा भाऊ बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. तो स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून समोरच्या फॉरवर्डला अडवणारा. चार वर्षं गोवा, दोन कोलकाता, दोन ईशान्येत, एक केरळ आणि शेवटची तीन मुंबई. करार प्रत्येक वेळी एका हंगामाचा. भाड्याच्या खोलीसारखं दरवर्षी मे महिन्यात सामान आवरून ठेवायचं आणि फोनची वाट पाहायची.

ती सगळी वर्षं मी वर्तमानपत्रात होते. आधी क्रीडा पानावर उपसंपादक, नंतर उपनगरांच्या पुरवणीवर. त्यामुळे त्याचं नाव पेपरात का येत नव्हतं, हे मला नेमकं माहीत आहे. सामन्याची बातमी वरून खाली लिहितात आणि खालून वर कापतात. गोल करणारा पहिल्या वाक्यात असतो, पास देणारा दुसऱ्यात. बचावपटू शेवटच्या परिच्छेदात. उशिरा जाहिरात आली की तो परिच्छेद जातो. बचावपटू वर चढतो तो एकाच कारणाने, त्याच्याकडून चूक झाली तर.

त्याला मी स्वतः कितीदा कापलं, ते मोजलेलं नाही. कोलकात्यात असताना एकदा त्याचा फोन आला होता.

"बाय, आज बरा खेळलो. काही आलं का?"

घरात मला सगळे बाय म्हणतात.

"नाही. जाहिरात आली."

"कसली?"

"कुकरची."

"बरं."

त्यानंतर त्याचा संघ गोल न खाता जिंकला की तो विचारायचा, "आज कुकर की मिक्सर?" मी खरं ते सांगायचे. एकदा गादीची होती.

आईकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात त्याची कात्रणं. बारा वर्षांची चार. दोनांत आडनाव चुकलेलं, एकात त्याने आपल्याच जाळ्यात मारलेला गोल, तिथेही आडनाव चुकीचंच, आणि एकात संघाच्या फोटोत तो अर्धा, कारण फोटो कडेने कापला होता. तो मी कापला नव्हता. आईचा अजून विश्वास नाही.

आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात राहतो. चहूबाजूंनी टॉवर झाले, मध्ये आमची तीसेक घरं, विहीर, शाळा आणि क्रूस उरले. मे महिन्यात इथे प्रत्येक क्रुसाचा सण असतो. झेंडूच्या माळा, संध्याकाळची प्रार्थना, मग उकडलेले चणे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या मैदानावर विवाहित विरुद्ध अविवाहित असा फुटबॉलचा सामना होतो. ज्याचं लग्न त्या वर्षी झालेलं असेल त्याने विवाहितांकडून खेळायचंच, आणि नाणं त्याच्या बायकोने उडवायचं. वडील त्यांच्या लग्नाच्या वर्षी अनवाणी खेळले होते आणि अंगठ्याचं नख गमावून बसले होते. आई अजून ते नख गेल्याची तक्रार करते. वडील जाऊन नऊ वर्षं झाली.

भाऊ या सामन्यात कधीच खेळला नव्हता. क्लबच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असतं, क्लबखेरीज कुठेही, कसलाही सामना खेळायचा नाही. सुट्टीतही नाही. दरवर्षी मे महिन्यात तो घरी यायचा आणि मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चणे खायचा. गावठाणात त्याला इंटरनॅशनल म्हणत. कौतुकाने नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याचं लग्न झालं. बायको मुलुंडची, शाळेत शिक्षिका. मूळची कोकणातल्या हिंदू घरातली, त्यामुळे मला ती ताई म्हणते. तो तेव्हा चौतिसाव्या वर्षात होता. एप्रिलमध्ये हंगाम संपला. शेवटच्या सामन्यात त्याचा क्लब तीन गोलांनी मागे होता, आणि तिसरा गोल करणारा त्यालाच चकवून गेला होता. पासष्टाव्या मिनिटाला त्याचा नंबर लिहिलेली पाटी वर गेली आणि त्याला बाहेर घेतलं. क्लबच्या मॅनेजरने नंतर सांगितलं, अजून एक हंगाम देऊ, जूनच्या पहिल्या शुक्रवारी मेडिकल झालं की सही.

ते तो घरी सांगत होता तेव्हा मी ओट्याशी कांदा चिरत होते.

"एकच हंगाम पाहिजे, बाय. त्या सामन्यावर नाही संपवायचं. तीन-शून्य आणि मध्येच बाहेर. असं नाही."

"मग कसं संपवायचंय?"

"पूर्ण नव्वद मिनिटं. जिंकलो नाही तरी चालेल."

त्याला हवं होतं ते एवढंच. मेडिकलला पाच आठवडे होते.

सामन्याच्या आधीच्या रविवारी शेजारचे अंकल आले. पोस्टातून निवृत्त झालेले. गावठाणाचा सण तेच चालवतात, आणि आमच्या पुरवणीला अधूनमधून फोटो आणि चार ओळी पाठवतात. त्यांनी चहा घेतला आणि भावाकडे बघितलं.

"काय रे इंटरनॅशनल, बॅचलर होतास तेव्हा करार. आता बायको आली तरी करार? लग्न तरी खरं केलंस ना?"

"अंकल, मेडिकल आहे. पाय गेला तर?"

"पाय कसला जातोय! आमच्या पोटांवर पडशील. गादी घातलीय समज."

भावजय हसली. तिला नाणं उडवायचं होतं, हे उघड दिसत होतं. आई हसली नाही.

"खेळू नको. तिला नाणं उडवू दे, तू खुर्चीवर बस."

"दहा मिनिटं, आई. मागे उभा राहतो नुसता."

"आयुष्यभर मागेच उभा राहिलास. तरी गुडघे गेलेच ना?"

करारातलं ते कलम मी वाचलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय मत द्यायची सवय मला नाही.

शाळेचं मैदान लाल मातीचं, विहिरीकडे उतरतं. मे महिन्यात ते सिमेंटइतकं कडक असतं. गोलपोस्ट बांबूचे. भावजयीने नाणं इतकं उंच उडवलं की ते पंचाच्या मागे पडलं आणि शोधावं लागलं. "टीचर, फुटबॉल आहे, रॉकेट नाय!" कुणीतरी ओरडलं. भाऊ बूट घालून उतरला. बाकीच्यांत निम्मे अनवाणी होते.

पहिली काही मिनिटं तो खरंच नुसता उभा राहिला. चेंडू आला की हळूच बाजूला द्यायचा. आठव्या मिनिटाला अविवाहितांच्या एकाने चेंडू त्याच्या मागे टाकला आणि त्यांचा फॉरवर्ड पळत सुटला. हा फॉरवर्ड विमानतळावर कार्गोत कामाला, अठ्ठाविशीचा, पुढे पोट. त्याला जाऊ दिलं असतं तर गोल झाला असता, लोक हसले असते, संपलं असतं. भाऊ वळला आणि घसरला. गवतावर घसरलं की अंग घसरतं. इथे बूट मातीत अडकला आणि अंग पुढे गेलं.

चेंडू त्याने स्वच्छ काढला. फाऊल नव्हता. गावठाणाने टाळ्या वाजवल्या. बारा वर्षांत त्याचं एकही टॅकल या लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. टीव्हीवर सामने कधी दिसायचे, पण कॅमेरा चेंडूमागे असतो.

तो थोडा वेळ उठला नाही. मग उठून म्हणाला, "काही नाही." बाहेर आला. कोपऱ्यावर मासळी विकणाऱ्या शेजारणीने आपल्या पेटीतला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणला. आईने ती पिशवी मोठ्या रुमालाने त्याच्या उजव्या गुडघ्याला बांधली. बर्फाला बोंबलाचा वास येत होता. तो त्यावरून विनोद करत होता आणि बायको त्याच्याकडे न हसता पाहत होती.

विवाहित एक विरुद्ध तीन असे हरले. नंतर अंकलनी दोन्ही संघांचे फोटो काढले. विवाहितांचे अकरा जण एका रांगेत. भाऊ डावीकडून तिसरा, एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर.

मंगळवारी तो फोटो माझ्याकडे आला. आमचं ऑफिस आता कांजूरमार्गला आहे, काचेची इमारत, खिडक्या उघडत नाहीत. तरी वारा फिरला की कचराभूमीचा वास वातानुकूलनातून आत येतो आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. बुधवारच्या पुरवणीचं पान पाचला जातं. चार वाजता फोटो उघडला. पानावर दोन कॉलमांची जागा होती. अंकलनी खाली एवढंच लिहिलं होतं: विवाहित संघ.

आमच्याकडे नियम आहे. सामूहिक फोटो असेल तर सगळ्यांची नावं, डावीकडून, एकही न गाळता. तो नियम मला पहिल्या महिन्यात शिकवला गेला आणि पुढे मी तो तीन जणांना शिकवला. अकराही माणसं माझ्या ओळखीची. मी अकरा नावं लिहिली. आमच्या लोकांची आडनावं पोर्तुगीज वळणाची, मराठीत ती चार प्रकारे लिहितात. मी प्रत्येक नाव दोनदा तपासलं. फोटोत सर्वांना माहीत असावा असा कुणी असेल तर त्याच्या नावापुढे कंसात व्यवसाय द्यायचा, हाही नियम आहे. तिसऱ्या नावापुढे मी कंसात लिहिलं: व्यावसायिक फुटबॉलपटू.

नाव लिहिताना तो माझा भाऊ आहे हे मला माहीत होतं. करार माहीत होता. मेडिकल त्या शुक्रवारी आहे हे माहीत होतं. या तिन्ही गोष्टी एकत्र माझ्या डोक्यात आल्या नाहीत. यापेक्षा बरं स्पष्टीकरण मी एक वर्ष शोधते आहे. सापडलेलं नाही.

पावणेपाचला एक जाहिरात मागे घेतली गेली. पान लावणाऱ्याने विचारलं, "हा फोटो चार कॉलम करू?" मी म्हटलं, कर.

सकाळी आईने पाच प्रती आणल्या. चार कॉलमांत गुडघ्यावरची पिशवी स्पष्ट दिसत होती. रुमालाची गाठही. भाऊ पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्याने पेपर घेतला, फोटो पाहिला, मग खालची ओळ वाचली. ती वाचायला त्याला वेळ लागला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"आडनाव बरोबर आलंय." त्याने पेपराची घडी घातली. "पहिल्यांदाच."

मॅनेजरचा फोन गुरुवारी सकाळी आला. भाऊ गुडघ्याला तेल लावत होता, हात तेलकट, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. म्हणून मी ऐकलं. मॅनेजर चांगला माणूस होता आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

"फोटो बघितला रे."

"सर, ते गावातलं होतं. घरगुती."

"बर्फ दिसतोय."

"किरकोळ आहे. उद्या येतो ना, डॉक्टरला दाखवतो. वाकवून दाखवतो."

"कळतंय. पण वरच्या लोकांनी पेपर माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. तुझ्या नावाखाली पेनाने रेघ मारून, बाजूला कलमाचा नंबर. नाव आहे, धंदा आहे, सगळं आहे. मी काय बोलू, सांग."

भाऊ तेलकट हाताने गुडघा चोळत राहिला.

"उद्या नको येऊस. काळजी घे पायाची."

फोन बंद झाला. भावाने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

"त्यांच्या ऑफिसात आपली पुरवणी जाते, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

भावजय दारात उभी होती. सुट्टीतल्या जादा वर्गांसाठी शाळेला निघालेली, खांद्याला पर्स.

"ताई, तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"हो."

"मग?"

"सगळ्यांची नावं द्यायची असतात."

"एक नाव नसतं दिलं तर पेपर बंद पडला असता का?"

"राहू दे गं," भाऊ म्हणाला. "मी नसतो खेळलो तर फोटोच नसता."

"तुम्ही खेळलात तो तुमचा गाढवपणा. मी यांना विचारतेय."

तिला शाळेला उशीर होत होता, ती गेली. पुढचा महिनाभर ती माझ्याशी बोलली ते भाजी, गॅस आणि पाण्याच्या वेळेपुरतं.

जूनमध्ये मुलुंडच्या एका दवाखान्यात एमआरआय केला. गुडघ्यातली गादी फाटली होती. मी बरोबर गेले होते. डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला: क्लबच्या मेडिकलमध्ये हे सापडलं असतं का? त्यांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली.

"बाहेरून तपासून कदाचित नसतं कळलं. यांना दुखणं लपवायची सवय दिसते."

"आणि खेळला असता तर?"

"महिना-दोन महिन्यांत गुडघा बसला असता. कदाचित नसताही. सांगता येत नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं, जसं बोलले तसं. सवयीने. रिक्षात भाऊ बाहेर पाहत होता. भांडुपच्या सिग्नलला म्हणाला, "दोन महिने पुरले असते."

"कशाला?"

"एका सामन्याला."

मी वही पिशवीत टाकली.

आता तो बोरिवलीत एका टर्फवर शिकवतो. सोसायट्यांमधली मुलं येतात, आठ ते बारा वर्षांची. गवत प्लास्टिकचं, खाली काळे रबरी दाणे, ते त्याच्या मोज्यांतून घरी येतात आणि आई रोज झाडते. तो सांगतो, पालक पहिल्याच दिवशी विचारतात, आमचा फॉरवर्ड होईल ना? मागे उभं राहायला कुणी आपलं मूल पाठवत नाही. मग तो आळीपाळीने सगळ्यांना मागे उभं करतो आणि पालकांचे मेसेज येतात. मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो. एका बाईंनी लिहिलं होतं, सर, माझा मुलगा आज चेंडूजवळ गेलाच नाही. "म्हणजे बरोबर उभा होता," भाऊ म्हणाला आणि फोन खाली ठेवला.

क्लबने त्याच्या जाण्याबद्दल काही जाहीर केलं नाही. संकेतस्थळावरच्या यादीत एके दिवशी त्याच्या जागी दुसरं नाव होतं. निरोपाचा फोटो नाही, दोन ओळी नाहीत. तो स्वतःही कधी म्हणाला नाही की आता संपलं. टर्फवर कुणी विचारलं तर सांगायचा, सध्या गॅप आहे.

या वर्षीच्या मेमध्ये सण झाला, सामना झाला. भाऊ खेळला नाही. लाइन्समन झाला. झेंड्याऐवजी हातात रुमाल, आणि त्याने दोन ऑफसाइड दिले तेव्हा अविवाहितांनी त्याची आई-बहीण काढली. आई मागेच खुर्चीवर बसली होती, तिने चण्यांची पुडी फेकून मारली. या वेळी विवाहित जिंकले. अंकलनी ओढून त्यालाही फोटोत उभं केलं. बारा जण, तो उजव्या टोकाला, शेवटचा.

मंगळवारी फोटो माझ्या टेबलावर आला. दोन कॉलमांची जागा. मी डावीकडून अकरा नावं लिहिली, बारावं लिहिलं, कंस उघडला आणि थांबले. साडेचार झाले होते. फोन लावला. मागे मुलांचा आरडाओरडा आणि शिट्टी.

"काय गं?"

"फोटोची ओळ लिहितेय. तुझं नाव आहे."

"मग दे ना. आता कोण रेघ मारतंय त्याच्यावर?"

"नावापुढे कंस असतो."

मुलांना कुणीतरी ओरडून पाणी प्यायला पाठवलं, ते ऐकू आलं.

"नियम काय तुमचा?"

"चालू करार नसेल तर माजी लिहायचं."

"किती दिवसांनी?"

"दिवस ठरलेले नाहीत. करार नसेल तर."

"वर्ष झालं ना?"

"झालं."

"नाही लिहिलं कंसात काही, तर?"

"चालेल. मी नाही लिहिणार."

"नियमात बसतं?"

"नाही."

त्याने शिट्टी वाजवली, फोन तोंडाजवळ असतानाच. माझा कान बधिर झाला. मग कुणाला तरी म्हणाला, "ए, तू मागे. मागे रे, अजून मागे." मग मला: "पान किती वाजता जातं?"

"पाचला."

"मग मला कशाला विचारत बसलीस. लिही."

मी लिहिलं: माजी व्यावसायिक फुटबॉलपटू. आडनाव पुन्हा तपासलं. पान चार पंचावन्नला गेलं. जाहिरात मागे घेतली गेली नाही, फोटो दोन कॉलमांतच राहिला. त्याच्या निवृत्तीबद्दल कुठेही काही छापलं गेलं असेल तर तेवढंच.

बुधवारी आईने एकच प्रत आणली. कात्रीने फोटो कापला, डबा काढला, आणि डब्यात ठेवण्याआधी चष्मा लावून खालची ओळ वाचली. भावजय जेवणाच्या डब्यात पोळी भरत होती. भाऊ दारात बसून टर्फचे बूट बांधत होता, उजवा पाय सरळ ठेवून, कारण तो अजून पूर्ण वाकत नाही.

"हे माजी कुणी लिहिलं?" आईने विचारलं. विचारताना ती माझ्याकडे बघत होती.

भावजयीनेही वर पाहिलं.

"मी सांगितलं," भाऊ म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.